शेऱ्याचा रकाना

ओउलूत जानेवारीत दहा वाजता उजाडतं,
तेही उपकार केल्यासारखं.
तोवर माझे तिन्ही फोन चार्ज होऊन
टेबलावर पालथे पडलेले असतात,
दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे.

काम साधं आहे.
एकच प्रोग्रॅम, तीन आभासी यंत्रं.
कुणी किती वेळ घेतला, किती बॅटरी खाल्ली,
किती मेमरी अडवली.
तक्ता भरायचा, शुक्रवारी पाठवायचा.

पहिलं यंत्र जुन्या, बटणांच्या फोनातलं.
ते थाळ्यांच्या चळतीवर चालतं:
वरची उचल, तिच्याखालची उचल, बेरीज कर, परत ठेव.
प्रत्येक ओळ वाचतं, पाळतं, विसरतं,
आणि तीच ओळ पुन्हा आली
की पहिल्यांदाच भेटल्यासारखी वाचतं.

दुसऱ्याकडे कप्पे आहेत, नंबर घातलेले.
कोणती ओळ सारखी सारखी येते यावर त्याची नजर,
ती तापली की तेवढीच उतरवून घेतं यंत्राच्या बोलीत.
ओळखीचं गिऱ्हाईक दारात दिसताच
कॉफी ओतायला घेणाऱ्या
बाजारातल्या आउनेसारखं.

तिसरं रात्री राबतं.
मालक झोपेत असताना
सगळा मजकूर आधीच भाषांतरून ठेवतं.
सकाळी त्याला काही विचारावंच लागत नाही.
अशा लोकांशी माझं फारसं पटत नाही,
पण आकडे त्याच्या बाजूने आहेत.

मंगळवारी आणखी एक नमुना हवा होता
म्हणून मी वेइक्कोचा मासा काढला.

वेइक्को गेला, म्हणजे वारला नाही.
केमीला असतो, होड्यांची इंजिनं उघडतो,
नाताळला कार्ड पाठवतो, त्यावर नुसती सही.
साइमा चार वर्षांची असताना
त्याने तिच्यासाठी एक खेळ लिहिला:
बर्फात भोक, भोकात काळं पाणी,
मासा वर आला की पाचचं बटण.
एकवीस किलोबाइट.
कुठल्याही फोनवर चालेल, म्हणाला होता.
तेव्हा सगळेच तसं म्हणत.

पहिल्या यंत्रावर मासा आला.
थांबला. शेपटी दोनदा हलवली.
वीस वर्षांनी माझा अंगठा पाचवर गेला
आणि चुकला.

दुसऱ्यावर दोन मासे दिसले,
मग यंत्राला खेळ समजला
आणि पाणी नुसतं लुकलुकत राहिलं.

तिसऱ्यावर भोक. पाणी.
गुण शून्य, खेळ समाप्त,
पापणी लवायच्या आत.

मी कोड उघडला.
मासा वर आला की वेइक्को
नुसता नऊ लाखांपर्यंत मोजत होता.
काही मिळवायचं नाही, कुठे साठवायचं नाही,
मोजायचं आणि सोडून द्यायचं.
तेवढ्यात लहान बोट
बटणापर्यंत पोचतं.

हुशार यंत्राने ते वाचलं,
यातून निष्पन्न काही होत नाही असं ठरवलं
आणि नऊ लाख आकडे झाडून टाकले.
नियमाने त्याचं काहीच चुकलं नाही.
मीही तेव्हा हेच म्हणायचे, जरा वेगळ्या शब्दांत:
हा माणूस तासन्‌तास खिडकीशी उभा राहून
करतो तरी काय?

साइमाला फोन लावला, त्रोम्सोला.
तो मासा आठवतो का गं?
"पाच," ती म्हणाली,
"दाबून नाही धरायचं, टिचकी मारायची."
मागून कुणीतरी तिला हाक मारत होतं.

शुक्रवारी तक्ता पाठवला.
वेळ: तिसरं.
बॅटरी: तिसरं.
मेमरी: पहिलं, त्याला लक्षातच काही ठेवायचं नसतं.
शेऱ्याचा रकाना सहसा कोराच जातो.
त्यात लिहिलं:
मासा दिसत नाही.

सोमवारी योकिनेनचं उत्तर आलं.
कुठला मासा?